स्टँडर्ड आहे हो बाई!

परवाच्या रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा झाली. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. विषय एकच, पुनर्विकासाच्या कराराच्या मसुद्याला मंजुरी देणे. आमची इमारत १९८४ सालची, डोंबिवली पूर्वेला, तळमजला अधिक तीन, चोवीस बिऱ्हाडं. लिफ्ट नाही. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर हॉलमध्ये बादल्या लागतात. त्यामुळे नवी इमारत हवी याबद्दल कुणाचंच दुमत नाही, माझं तर नाहीच नाही. पंचाहत्तरीला आल्यावर भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढणं म्हणजे काय, ते चढणाऱ्यालाच ठाऊक.

मसुदा एकशे अठरा पानांचा, सगळा इंग्रजीत. सभेच्या चार दिवस आधी ग्रुपवर पीडीएफ आली होती. मी उभी राहिले आणि विचारलं, "हा कुणी पूर्ण वाचलाय का?"

कुणी बोललं नाही. दोघंतिघं हसले. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. बिल्डरच्या ऑफिसातून आलेला मुलगा मात्र अगदी अदबीने म्हणाला, "स्टँडर्ड आहे हो बाई. सगळ्या सोसायट्यांना आम्ही हाच फॉरमॅट देतो."

आता मी चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. माझ्या लेखी 'स्टँडर्ड' म्हणजे इयत्ता. पाचवी स्टँडर्ड, आठवी स्टँडर्ड. मी त्याला म्हटलं, "बाळा, कितवी इयत्ता? कारण मला तर पहिलं पानसुद्धा समजलं नाही." लोक हसले, आणि त्या हसण्याच्या भरात मी एक महिना मागून घेतला. मिळाले पंधरा दिवस. त्याबरोबर जिन्यात एक वाक्यही कानावर आलं, "बाईंमुळे काम अडलं."

हा लेख त्या वाक्यासाठी आहे. कागद वाचायला वेळ मागणारा माणूस काम अडवतो, हा समज आपल्याकडे इतका खोल रुजलाय की त्यावर एकदा सविस्तर भांडणं मला गरजेचं वाटतं.

पंधरा दिवस मी तो मसुदा वाचला. एका बाजूला शब्दकोश, दुसऱ्या बाजूला शेजारची मुलगी (ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, देव तिचं भलं करो). माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी. ए. पर्यंत. इंग्रजी वाचता येतं, पण जिना चढल्यासारखं, मधे थांबत थांबत. तरीही काय काय सापडलं ते ऐका.

पहिलं व्याकरण. इंग्रजी करारात 'शॅल' आणि 'मे' अशी दोन क्रियापदं असतात. 'शॅल' म्हणजे केलंच पाहिजे, 'मे' म्हणजे वाटल्यास करावं. मी पेन्सिल घेऊन खुणा करत गेले. सभासदांच्या वाट्याला जवळजवळ सगळीकडे 'शॅल' आणि विकासकाच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी 'मे'. म्हणजे आम्हाला आज्ञार्थ आणि त्यांना विध्यर्थ, तोही 'जमल्यास करावे' या अर्थाचा!

दुसरी मुदत. इमारत छत्तीस महिन्यांत पूर्ण करणार असं सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण हे छत्तीस महिने मोजायचे कधीपासून? तर सर्व सभासदांनी रिकामा ताबा दिल्यापासून किंवा संपूर्ण बांधकामाची परवानगी मिळाल्यापासून, यातलं जे नंतर घडेल तेव्हापासून. आणि आमचं भाडं? तेही छत्तीस महिनेच, पण आम्ही घर सोडल्या दिवसापासून. समजा परवानगीला वर्ष लागलं. मग भाडं एका वर्षी बंद होणार आणि घर त्याच्या पुढच्या वर्षी मिळणार, आणि तेही सगळं वेळेवर झालं तर! मधलं वर्ष पेन्शनवर दोन घरं कशी चालवायची, याबद्दल एकशे अठरा पानांत अवाक्षर नाही.

तिसरं क्षेत्रफळ. कारपेट एरियात तीन टक्के कमीजास्त होऊ शकतं असं कलम आहे. ठीक आहे, बांधकाम म्हटलं की थोडं इकडेतिकडे होतं. पण जास्त भरलं तर सभासदाने बाजारभावाने पैसे द्यायचे आणि कमी भरलं तर तक्रार करायची नाही, हे कुठलं गणित? चारशे चौरस फुटांचे तीन टक्के म्हणजे बारा चौरस फूट. तीन बाय चार. माझं देवघर याहून लहान आहे.

चौथं कुलमुखत्यारपत्र. सोसायटीने विकासकाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं आणि ते रद्द करता येणार नाही. त्याने काम अर्ध्यात सोडलं तरी? तसं काही म्हटलेलं नाही. 'रद्द करता येणार नाही' एवढंच म्हटलंय.

पाचवी हमी. सहकारी संस्थांच्या कायद्यातल्या कलम ७९ अ खाली पुनर्विकासासाठी शासनाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. पहिल्या ३ जानेवारी २००९ च्या, सुधारित ४ जुलै २०१९ च्या. त्यात प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के रकमेची बँक गॅरंटी विकासकाने सोसायटीला द्यावी असं आहे. आमच्या मसुद्यात त्याऐवजी 'परस्पर संमतीने ठरेल अशी हमी' असे शब्द आहेत. कमिटीतले एकजण म्हणाले, "जीआर आहे ना, मग करारात लिहायची गरज काय?" गरज अशी की या सूचना मार्गदर्शक आहेत, त्या पाळणं बंधनकारकच आहे असं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून जास्त निकालांत म्हटलंय. तेव्हा जे करारात नाही ते आपल्या हातात नाही. रेराचं म्हणाल तर त्या कायद्याचा भर नव्याने फ्लॅट विकत घेणाऱ्यांवर आहे. आमच्यासारख्या जुन्या सभासदांचं संरक्षण मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या करारातच असतं, आणि तो तर कुणी वाचलेला नाही.

मंडळी, यातलं एकही कलम मी लबाडीचं म्हणत नाही. बिल्डरच्या वकिलाने बिल्डरची बाजू राखली, ते त्याचं कामच आहे. प्रश्न असा की आपली बाजू राखायला टेबलाच्या या बाजूला कोण बसलं होतं?

इतिहास शिकवल्यामुळे मला अशा वेळी नेहमी १८७५ साल आठवतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. लोण पुढे नगर जिल्ह्यातही गेलं. वर्गात मी मुलांना विचारायची, त्यांनी धान्य लुटण्यापेक्षा कागद मिळवण्यासाठी एवढा आटापिटा का केला असेल? मुलं विचार करून सांगायची, कारण त्या कागदांवर त्यांचे अंगठे होते आणि त्यात काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. बरोबर. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्यात इतर तरतुदींबरोबर अशीही एक होती की शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा. म्हणजे परक्या इंग्रज सरकारलासुद्धा एवढं उमगलं होतं की ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेणं म्हणजे व्यवहार नव्हे.

आणि आज? आज आपण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातो, कॅमेऱ्यासमोर बसतो, यंत्रावर अंगठा ठेवतो. बी. ए., बी. कॉम., इंजिनिअर, सगळे. आपल्याला विचारलं जातं ते एवढंच की सही तुमचीच ना, दस्त तुम्हीच करून देताय ना. 'समजलं का?' असं तिथे कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे १९०८ च्या नोंदणी कायद्यात भाषेचा विचार केलेला आहे. कलम १९ म्हणतं की दस्ताची भाषा नोंदणी अधिकाऱ्याला समजत नसेल आणि ती त्या जिल्ह्यात सर्रास वापरातली नसेल, तर जिल्ह्यातल्या भाषेत खरं भाषांतर जोडल्याशिवाय त्याने तो दस्त नोंदवू नये. म्हणजे शिक्का मारणाऱ्याला समजलं पाहिजे याची काळजी घेतली. ज्याचं घर जाणार त्याला समजलं पाहिजे याची काळजी त्या कलमाने केली नाही, आणि एवढ्या वर्षांत आपणही ती मागितली नाही.

त्याहून जुना १८७२ चा करार कायदा. त्याचं कलम १३ मला शेजारच्या मुलीने वाचून दाखवलं आणि मी तिला ते परत वाचायला लावलं. संमती म्हणजे काय? तर दोन किंवा अधिक व्यक्तींनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणं. एकाच अर्थाने! किती साधं आणि किती शहाणं वाक्य आहे. आमच्या गच्चीवर त्या दिवशी चोवीस सभासदांच्या मनात चोवीस अर्थ होते. कुणाच्या मनात 'तीन वर्षांत घर', कुणाच्या मनात 'भाडं चालूच राहणार', कुणाच्या मनात 'कॉर्पस दिवाळीपूर्वी मिळणार'. आणि बिल्डरच्या मनात एकशे अठरा पानं. पण म्हणून उद्या कोर्टात जाऊन 'मी न वाचता सही केली' म्हटलं तर सुटका होईल अशा भ्रमात कुणी राहू नये. सही केली म्हणजे मान्य केलं असंच सहसा धरलं जातं.

मी दुसऱ्यांना उपदेश करतेय असं वाटायला नको, म्हणून माझंही सांगते. १९८४ साली हा फ्लॅट घेताना आम्ही नवराबायकोंनी करारावर सही केली ती एक पानही न वाचता. दोघंही शिक्षक! मुलांना 'प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा' म्हणून सांगणारे. सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचं कन्व्हेअन्स करून द्यावं, अशी १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांत तरतूद होती, हे आम्हाला कळलं त्याला वीस वर्षं उलटून गेल्यावर. तोवर ते बिल्डर व्यवसाय बंद करून निघून गेले होते. २००८ साली कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली म्हणून निभावलं, तरी कागद गोळा करण्यात आमच्या कमिटीच्या दोन पिढ्या गेल्या. तेव्हाची ती अर्ध्या मिनिटाची सही आम्हाला किती वर्षांना पडली, त्याचा हिशेब करा.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण करार म्हटला की सगळ्यांना बिल्डर हाच खलनायक दिसतो. माझा एक जुना विद्यार्थी इमारत दुरुस्तीची कंत्राटं घेतो. परांची बांधून गिलावा, तडे भरणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग असली कामं. कष्टाळू मुलगा. शाळेत निबंध मात्र कायम अर्धवट. तीन वर्षांपूर्वी कल्याणच्या एका सोसायटीचं काम त्याने एका पानाच्या कोटेशनवर घेतलं. गिलावा फोडल्यावर आतल्या सळ्या अपेक्षेपेक्षा फार गंजलेल्या निघाल्या. सेक्रेटरी खाली उभे राहून म्हणाले, "करून टाका, बघू नंतर." याने करून टाकलं. काम संपेपर्यंत कमिटी बदलली. नव्या कमिटीने कोटेशन काढलं आणि विचारलं, यात हे जादा काम कुठे आहे? कुठेच नव्हतं. साडेचार लाख बुडाले. मजुरांचे पैसे त्याने मेव्हण्याकडून उसने घेऊन चुकते केले, कारण नाक्यावर परत तोंड दाखवायचं होतं. फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा मोबदला मागता येतो असं करार कायद्याचं कलम ७० सांगतं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, कोर्टात जाऊ की पुढचं काम बघू?"

मी त्याला विचारलं, तू लिहून का घेतलं नाहीस? त्याचं उत्तर ऐका. "लिहून मागितलं तर लोकांना वाटतं याचा आपल्यावर विश्वास नाही."

बघा, म्हणजे दोन्हीकडे एकच रोग. आमच्याकडे एकशे अठरा पानं आहेत आणि कुणी वाचत नाही. त्याच्याकडे एकच पान होतं आणि कुणी लिहिलं नाही. दोन्हीकडे कारण तेच, वाईट दिसेल. लग्नाच्या याद्या आपण कागदावर करतो, रुखवताच्या वस्तू मोजून घेतो, दूधवाल्याच्या रतिबाच्या खुणा कॅलेंडरवर करतो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मग घराच्या बाबतीतच एवढा भिडस्तपणा कुठून येतो?

आता मला ठाऊक आहे, डोंबिवलीकर म्हणतील, बाई, कागद असून तरी काय उपयोग? पासष्ट इमारतींचं काय झालं? प्रश्न रास्त आहे. २०२२ साली उघडकीला आलं की आपल्या भागातल्या पासष्ट इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्या आधारे महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत पाडायचा आदेश दिला. तिथल्या हजारो कुटुंबांपैकी अनेकांकडे नोंदणी केलेले करार होते, बँकेची कर्जं होती. या लोकांना 'तुम्ही वाचलं नाही' असं म्हणण्याचं पाप मी करणार नाही. त्यांनी जे वाचलं ते खोटं होतं, आणि ते खरं की खोटं हे तपासायचं काम ज्यांचं, त्यांनी ते वेळेत केलं नाही. परवानगीची खात्री थेट महापालिकांकडून करून घेण्याची पद्धत महारेराने आणली ती त्यानंतर.

पण यातून 'कागदाला अर्थ नाही' असा निष्कर्ष काढणं म्हणजे खोटी नोट सापडली म्हणून पैसे मोजणं सोडण्यासारखं आहे. निष्कर्ष उलटा निघतो. करारात परवानगीचा क्रमांक आणि तारीख असते. ती जिथून दिली त्या कचेरीत जाऊन ताडून पाहायची. दस्त नोंदवला गेला याचा अर्थ बांधकाम कायदेशीर आहे असा होत नाही. दस्त नोंदवणं आणि बांधकामाला परवानगी देणं ही दोन वेगळ्या कचेऱ्यांची कामं आहेत. आणि कागदच नसलेल्या इमारतींचं काय होतं तेही आपल्याच जिल्ह्याने पाहिलंय. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ परवानगीविना बांधलेली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. त्यात लहान मुलं होती.

आणि नुसता करार असूनही भागत नाही, हे शिकायला गोरेगावच्या पत्राचाळीकडे बघा. ६७२ कुटुंबं. २००८ चा करार, आणि तोही त्रिपक्षीय, एका बाजूला खुद्द म्हाडा. घरं रिकामी झाली, पुढे भाडं बंद पडलं. रहिवाशांची घरं न बांधताच विकासकाने तिथले बांधकामाचे हक्क दुसऱ्यांना विकले असा आरोप तपास यंत्रणांनी ठेवला. म्हाडाने करार रद्द केला तो २०१८ साली, म्हणजे दहा वर्षांनी. तेव्हा 'मोठी पार्टी आहे', 'सरकार मधे आहे' असल्या धीरावर मी तरी निजणार नाही. चुकलं तर कोण, किती दिवसांत, किती रुपये देणार हे करारातच लिहिलेलं हवं, आणि ते वसूल करायला बँकेची हमी हवी.

गेल्या पंधरा दिवसांत माझ्यासमोर तीन आक्षेप आले. त्यांची उत्तरं इथेच देऊन टाकते.

एक. "जास्त खोदलंत तर बिल्डर पळून जाईल." जाऊ दे. प्रश्न विचारल्यावर पळणारा माणूस आज पळाला तर आपण आपल्या गळक्या का होईना घरात असू. तोच दोन वर्षांनी पळाला तर आपण भाड्याच्या खोलीत असू आणि इथे नुसता खड्डा असेल.

दोन. "वकिलांनी वाचलंय ना." कुठल्या वकिलांनी? आमच्या सोसायटीच्या वकिलांची फी बिल्डर देणार आहे, असं त्याच मसुद्याच्या एका कलमात लिहिलंय. मी त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. पण पेपर तपासणाऱ्याचा पगार विद्यार्थ्याच्या वडिलांनी द्यावा, अशी पद्धत कुठल्या शाळेत आहे?

तीन. "कायद्याची भाषा इंग्रजीच असते." का बरं? कल्याणच्या न्यायालयात मराठीत दावे दाखल होतात. सातबारा मराठीत आहे. सोसायट्यांचे आदर्श उपविधी मराठीत छापलेले आहेत आणि त्यावर सगळ्या सोसायट्या चालतात. गच्चीवर पापड वाळवायचे की नाही याचे नियम मराठीत चालतात, आणि ती गच्चीच पाडायचा करार मात्र इंग्रजीत हवा?

इथे एक कबुली देते. आपली सरकारी मराठी हीसुद्धा काही कमी नाही. 'अभिहस्तांतरण' हा शब्द चौतीस वर्षं मराठी शिकवून मलासुद्धा एका दमात म्हणता येत नाही. तेव्हा शुद्ध मराठीचा माझा आग्रह नाही. कन्व्हेअन्स म्हणा, कॉर्पस म्हणा, एफएसआय म्हणा, सगळ्यांना कळतं. माझं म्हणणं वाक्यांबद्दल आहे. कुणी, कधीपर्यंत, काय करायचं आणि नाही केलं तर काय, हे छोट्या मराठी वाक्यांत लिहा. आमच्या शेजारच्या आजी सातवी शिकलेल्या आहेत. त्यांना समजलं म्हणजे करार लिहिला गेला असं समजा.

तर माझ्या मागण्या अशा. इंग्रजी मसुद्याबरोबर मराठी मसुदा, आणि दोन्हीत फरक पडला तर मराठी ग्राह्य, असं कलम करारातच. वाचायला किमान तीस दिवस. सभेत एकेक कलम मोठ्याने वाचून त्याची इतिवृत्तात नोंद. सोसायटीचा वकील सोसायटीच्या पैशाने. (प्रत्येकी दोनतीन हजार वर्गणी पडेल, तेवढ्यात आपण गणपतीत डेकोरेशन करतो.) भाडं नव्या घराची किल्ली हातात येईपर्यंत. आणि छोट्या दुरुस्तीच्या कामालासुद्धा कामाची यादी, मापं, दर आणि 'जादा काम लेखी मंजुरीशिवाय करू नये, मंजुरी दिल्यास पैसे अडवू नयेत' ही एक ओळ. ती ओळ सोसायटीइतकीच माझ्या त्या विद्यार्थ्यालाही वाचवेल. सरकारकडे मागणं एकच. उपविधी छापता तसा पुनर्विकासाचा नमुना करारही सोप्या मराठीत तयार करून द्या, म्हणजे उद्या कुणी 'स्टँडर्ड आहे' म्हटलं तर ते कुणी ठरवलेलं स्टँडर्ड आहे हे तरी लोकांना कळेल.

पुढच्या रविवारी परत सभा आहे. एकशे अठरा पानांचा सारांश मी अकरा पानांत मराठीत लिहून काढलाय, वहीच्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने चोवीस प्रती काढून दिल्या आणि बाइंडिंगचे पैसे घेतले नाहीत (तोही माझाच विद्यार्थी). काल संध्याकाळी प्रत्येक दारात जाऊन एकेक प्रत देऊन आले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दार उघडून म्हणाल्या, "बाई, लिफ्ट मिळेल ना हो आपल्याला? यांचे गुडघे..." आणि गप्प झाल्या.

मी त्यांना म्हटलं, "मिळेल. पान सात बघा. लिफ्ट कधी मिळणार ते तिथे लिहिलेलं नाही. रविवारी आपण दोघी मिळून ते विचारू."

त्यांनी पान सात उघडलं आणि दारातच उभ्या उभ्या वाचायला लागल्या. असो. रविवारी काय होतं ते बघू. मला सही करायचीच आहे, पण समजून करायची आहे. यात काम अडवण्यासारखं काय आहे, हे तुम्हीच सांगा.